कामानं पिळून निघालात तर: बेळगावात राहून थेरपी कशी सुरू करायची

२०१९ सालची गोष्ट. तिसऱ्या रेल्वे गेटवर तेव्हा पूल नव्हता. सकाळी उद्यमबागच्या औद्योगिक वसाहतीत जाताना गेट बंद मिळालं की बाकीचे हॉर्न वाजवून वैतागायचे आणि मला मात्र बरं वाटायचं. चार मिनिटं, मालगाडी असली तर दहा मिनिटं, कारखान्यात पोचणं टळलं. एक दिवस गेट उघडलं आणि मी गाडी सुरूच केली नाही. मागचा टेम्पोवाला उतरून आला आणि म्हणाला, "काय ओ, बरं नाही काय?" त्याला काय सांगायचं ते सुचेना.

मी फौंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, उत्पादन बघायचो. मी डॉक्टर नाही, मानसशास्त्रज्ञही नाही. थेरपी घेतलेला माणूस आहे. त्यानंतर गल्लीतल्या, नात्यातल्या, ओळखीतल्या बऱ्याच जणांनी हळूच बाजूला घेऊन विचारलं, "तू कुठं गेला होतास रे? काय बोलायचं असतं तिथं?" प्रत्येकाला तेच सांगून झालं, म्हणून एकदा लिहून काढतोय. उदाहरणांतली माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदललेत.

आधी एक गोष्ट. जीव नकोसा झालाय, स्वतःला काही करून घ्यावं असे विचार येतायत, तर हा लेख बाजूला ठेवा आणि १४४१६ हा नंबर लावा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत. भाषा निवडता येते, त्यात मराठीही आहे. आणि घरातल्या एका माणसाला आत्ताच सांगा. बाकीचं नंतर वाचा.

हे नेमकं काय आहे

आपल्याकडे याला एक शब्द नाही. "डोकं बधिर झालंय", "अंगात राम नाही", "वैताग आलाय", "पित्त खवळलंय", "बीपीचं काहीतरी दिसतंय" असं आपण म्हणतो, आणि डॉक्टरकडे जातो तेही पित्ताची गोळी मागायला. इंग्रजीतला बर्नआउट हा शब्द या अर्थानं रुळवला हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या न्यूयॉर्कच्या मानसशास्त्रज्ञानं, १९७४ साली. तो एका मोफत दवाखान्यात काम करायचा. तिथं मनापासून राबणारी माणसंच काही महिन्यांत कोरडी पडताना त्यानं पाहिली, स्वतःही पडला. पुढे क्रिस्टिना मॅस्लॅक या संशोधक बाईंनी त्याची तीन अंगं सांगितली. एक, झोपूनही न जाणारा थकवा. दोन, कामाबद्दल आणि कामातल्या माणसांबद्दल येणारा तुटकपणा, "मरू दे तिकडं" ही भावना. तीन, आपल्याकडून काही होत नाही, आपण कुचकामी आहोत असं वाटणं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली आपल्या आजारांच्या यादीत बर्नआउटची व्याख्या दिली, पण त्याला आजार म्हटलेलं नाही. दीर्घकाळ चाललेल्या, नीट न हाताळल्या गेलेल्या कामाच्या ताणातून होणारी गोष्ट असं म्हटलंय. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. बिघाड एकट्या माणसात नसतो, माणूस आणि काम यांच्या मध्ये कुठंतरी असतो. ज्या थेरपिस्टला हे कळतं तो "तुम्ही पॉझिटिव्ह राहा" असं सांगून तुम्हाला घरी पाठवत नाही.

फौंड्रीवाल्यांना मी एका वाक्यात सांगतो: लायनिंग पातळ झालंय. इंडक्शन फर्नेसला आतून रॅमिंग मासचं अस्तर असतं. प्रत्येक हीट, म्हणजे धातू वितळवायची एक खेप, ते थोडं थोडं खाते. बाहेरून भट्टी तशीच दिसते, धातूही वितळतो, माल जातो. पण ठरावीक हीट झाल्या की भट्टी थांबवून लायनिंग तोडून नवीन ठोकावंच लागतं. "डिस्पॅच आहे, अजून दोन हीट काढू" करत राहिलं तर एक दिवस धातू अस्तर फोडून कॉइलपर्यंत पोचतो, आणि कॉइलमध्ये पाणी असतं. पुढचं सांगायला नको. भट्टीच्या बाबतीत मी हे कधीच होऊ दिलं नाही. शेठनी कितीही घाई केली तरी भट्टी थांबवायचो. स्वतःच्या बाबतीत मात्र सहा वर्षं "अजून दोन हीट" चाललं होतं.

पहिली पायरी: रक्त तपासून घ्या

हसू नका. थायरॉइड कमी असेल, हिमोग्लोबिन किंवा बी-१२ कमी असेल, साखर वाढली असेल, तर माणूस हुबेहूब असाच थकतो, चिडतो, विसरतो. रात्री घोरत असाल आणि सकाळी उठल्यावर डोकं जड असेल तर तेही डॉक्टरला सांगा, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असू शकतो. आमच्या एका वहिनींना शाळेच्या कामानं वीट आलाय असं सगळे म्हणत होते. त्यांचं हिमोग्लोबिन सात निघालं. वीटही आला होता म्हणा, पण आधी लोह लागत होतं.

दुसरं तपासायचं ते नैराश्य. ते डॉक्टरनीच ठरवायचं, पण घरगुती खूण सांगतो. आठ दिवस गावी गेलात, जत्रा झाली, पोरांत रमलात, जेवण गोड लागलं, आणि परतीच्या एसटीत बसल्यावर छातीत दगड आला, तर गाठ बहुतेक कामाशी आहे. जत्रेतही जेवण गोड लागत नाही, पोरं जवळ आली तरी नकोशी वाटतात, पहाटे तीनला जाग येते आणि सगळंच संपल्यासारखं वाटतं, असं दोन आठवडे सलग चाललं असेल तर थेट मनोविकारतज्ज्ञ गाठा. दोन्ही एकत्रही असतात. माझं तसंच होतं.

दुसरी पायरी: कुणाकडे जायचं

इथं लोक सगळ्यात जास्त घोटाळा करतात. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर एमडी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. या तिघांत गोळ्या तोच देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाही, तपासण्या आणि थेरपी करतो. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. खरा माणूस चिडत नाही. तिसरे समुपदेशक, म्हणजे कौन्सिलर. यांत एमए, एमएसडब्ल्यू करून वर्षानुवर्षं उत्तम काम करणारेही आहेत आणि दोन दिवसांचा कोर्स करून पाटी लावलेलेही आहेत. चक्रं, ग्रह, संमोहनानं तीन दिवसांत गॅरंटी, असं काही ऐकू आलं तर चपला घाला आणि निघा.

कामाच्या थकव्यासाठी साधारण मार्ग असा: झोप पूर्ण उडाली असेल, भूक गेली असेल, हातपाय कापत असतील, तर आधी मनोविकारतज्ज्ञ. नाहीतर सायकॉलॉजिस्टपासून सुरुवात करा, गरज वाटली तर तेच डॉक्टरकडे पाठवतात. बर्नआउटवर अशी गोळी नाही. नैराश्य किंवा चिंतेचा आजार सोबत असेल तर गोळ्या लागतात, त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे जातात, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं एकदम बंद करायच्या नसतात. मला सात महिने लागल्या. मला सवय लागेल म्हणून आई रोज काळजी करायची. डॉक्टरनी हळूहळू कमी करत थांबवल्या, सवय वगैरे लागली नाही.

कुठं जायचं

बेळगाव शहरात जिल्हा रुग्णालयात, म्हणजे बिम्समध्ये, मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढून थेट जाता येतं. गर्दी असते, सकाळी लवकर जा. तालुक्याच्या लोकांनी, म्हणजे खानापूर, चिकोडी, हुक्केरी या बाजूच्या, आधी आपल्या तालुका रुग्णालयात चौकशी करावी. कर्नाटक सरकारच्या मनोचैतन्य योजनेत मंगळवारी तालुका रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांची तपासणी ठेवलेली असते. जाण्याआधी एक फोन करून वार आणि वेळ पक्की करा, नाहीतर हजेरी बुडवून गेलेला माणूस परत येतो आणि पुन्हा कधी जात नाही.

धारवाडला डिम्हान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, बेळगावपासून ऐंशीएक किलोमीटर. लहानपणी आमच्याकडे कुणी वेड्यासारखं वागलं की "याला धारवाडला धाडा" म्हणायचे, त्यामुळे नाव काढलं की घरचे दचकतात. खरं तर तिथं झोपेच्या तक्रारीपासून सगळ्यासाठी बाह्यरुग्ण विभागात माणसं येतात आणि संध्याकाळच्या बसनं घरी परततात. निपाणीकडच्यांना कोल्हापूर जवळ पडतं. मोठं दुखणं म्हटलं की मिरज, ही आपली जुनी सवयच आहे, तिथंही तज्ज्ञ आहेत.

आणि व्हिडिओवरची थेरपी. लॉकडाऊननंतर हा रस्ता मोकळा झाला. पुण्या-ठाण्यातला मराठी बोलणारा थेरपिस्ट घरबसल्या मिळतो. अडचण एकच, आपल्या घरांत दार लावून पन्नास मिनिटं बोलायला खोली कुठाय? एक ओळखीचा मुलगा गाडी व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली लावून कारमध्ये बसून थेरपी घ्यायचा. पावसाळ्यात टपावर पाऊस इतका वाजायचा की मॅडमना ऐकू यायचं नाही. जून ते सप्टेंबर त्यानं मित्राच्या रिकाम्या फ्लॅटची किल्ली घेतली.

खाजगीत एका सत्राला पाचशेपासून दोन हजारांपर्यंत काहीही घेतात. फोनवरच विचारा. परवडत नसेल तर "काही कमी होईल का, किंवा पंधरा दिवसांतून एकदा चालेल का" हेही विचारा, बरेच जण ऐकतात. ईएसआयचं कार्ड असेल तर ईएसआय दवाखान्यातून पुढे पाठवून घ्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीनं धरणं बंधनकारक केलंय, पण बहुतेक पॉलिसी दवाखान्यात भरती झाल्यावरच पैसे देतात. दर आठवड्याची फी खिशातून जाणार असं धरून चाला.

भाषेचं काय

सीमाभागातल्या माणसानं यावर थोडा जास्त विचार करावा. मी पहिल्यांदा ज्यांच्याकडे गेलो ते चांगले होते, पण कन्नड आणि इंग्रजीच बोलायचे. मला कन्नड येतं. कन्नडात मी लॉरीवाल्याशी भाडं ठरवतो, हेल्परला ओरडतो, पोलीस ठाण्यात जबाब देऊ शकतो. पण "मला लाज वाटते" हे कन्नडात म्हणायला गेलो आणि ते वाक्य दुसऱ्याच कुणाचं वाटलं. दोन सत्रांनी मी थांबलो. मग मराठी बोलणाऱ्या मॅडम मिळाल्या. त्यांचं माहेर हुबळीकडचं, मराठी कन्नड हेलाचं, पण आई, सासू, शेठ, गल्ली हे शब्द त्यांना सांगून समजावावे लागत नव्हते.

याची दुसरी बाजूही पाहिली. खानापूर तालुक्यातले एक मराठी शाळेचे गुरुजी. परिपत्रकं कन्नडात, ऑनलाइन माहिती भरायची कन्नडात, मधल्या जेवणाचा हिशेब, घटती पटसंख्या, आणि वर्गात शिकवायचं मराठीत. ते म्हणाले, "वडलांबद्दलचा राग मराठीत बोलवत नाही. जीभ अडखळते. कन्नडात बोललो तर सगळं बाहेर पडलं." काही गोष्टींना परकी भाषा बरी, तिला माजघराचा वास नसतो. तेव्हा पहिल्याच फोनला विचारा: "मी मराठीत बोललो तर चालेल का? मध्ये कन्नड-हिंदी आली तर?" भाषेवरून कामावर होणारा त्रास हाच तुमच्या थकव्याचा भाग असेल तर तेही मोकळेपणानं सांगा. त्यात राजकारण बघत बसणारा थेरपिस्ट नको, आणि ते झटकून टाकणाराही नको.

गाव लहान आहे

"कुणी बघितलं तर?" हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारलाय, अगदी दंडाधिकारी असल्यासारख्या रुबाबाच्या माणसांनीसुद्धा. मी स्वतः गाडी दोन गल्ल्या सोडून लावायचो आणि हातात औषधाच्या दुकानाची पिशवी घेऊन जायचो. तिसऱ्या वेळी वेटिंगमध्ये आमच्याच कारखान्याच्या अकाउंट्समधला माणूस भेटला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं, दोघांनीही मान हलवली. पुढे कधी तो विषय निघाला नाही, पण कॅन्टीनला तो माझ्यासाठी जागा धरायला लागला.

तुम्ही बोललेलं गुप्त ठेवणं हे थेरपिस्टवर कायद्यानंही बंधनकारक आहे. जिवाला धोका असेल तर अपवाद, आणि तो ते पहिल्याच भेटीत सांगतो. मालकाला, एचआरला, बायकोला तुमच्या परवानगीशिवाय काही कळत नाही. कंपनीनंच कौन्सिलर नेमला असेल तर मात्र आधी सरळ विचारा, माझ्याबद्दलचा कागद कुणाकडे जातो? उत्तर गुळमुळीत आलं तर बाहेरचा बघा.

पहिला फोन आणि पहिली भेट

फोनवर लांबलचक सांगायचं नसतं. मी लिहून ठेवलेलं वाक्य होतं: "कामाच्या ताणामुळे चार महिने झोप नाही, चिडचिड होते, कामावर जायची भीती वाटते. पहिल्या भेटीची वेळ, फी आणि किती वेळ लागेल ते सांगा." बस.

पहिली भेट पाऊण ते एक तासाची असते. कोचावर आडवं वगैरे कुणी पाडत नाही. त्रास कधीपासून, झोप-जेवण कसं, दारू-तंबाखू किती, घरी कोण कोण, आधी कधी असं झालं होतं का, मरणाचे विचार येतात का, हे विचारतात. दारूचं खरं सांगा. उद्यमबागेतून सुटल्यावर "थकवा घालवायला" जे दोन पेग लागतात ते झोप आणखी बिघडवतात, आणि ते लपवलं तर थेरपिस्ट चुकीच्या भिंतीला पाणी मारत बसतो. माझ्या पहिल्या भेटीत मी चाळीस मिनिटं रिजेक्शनचे, म्हणजे नापास मालाचे, आकडे सांगितले. मॅडमनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे सगळं कारखान्याचं झालं. तुम्ही जेवता कधी?" मला उत्तर देता आलं नाही.

दर आठवड्याला एक असं धरून दहा-पंधरा सत्रं लागू शकतात. दोन-तीन सत्रांनंतर डोकं आणखी खवळल्यासारखं वाटलं तर घाबरू नका, दाबलेलं वर येतं. पण पाच-सहा सत्रांनंतरही आपण कशासाठी जातोय हे कळत नसेल तर तसं तोंडावर म्हणा. त्या बोलण्यातूनच कळतं की राहायचं की बदलायचं.

तिथं नेमकं करतात काय

माझ्यासोबत वापरली ती पद्धत सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी. अमेरिकन डॉक्टर आरन बेक यांनी १९६० च्या दशकात ती मांडली. तिची चुलत बहीण म्हणजे अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत, आरईबीटी. मराठीत तिच्याबद्दल बरंच लिहिलं गेलंय, कदाचित तुम्ही वाचलंही असेल. गाभा एकच: घटना, त्यावर मनात चटकन उमटलेला विचार, आणि त्यातून आलेली भावना या तीन गोष्टी वेगळ्या करायच्या. ऐकायला सोपं वाटतं. करून दाखवतो.

जुलै महिना. रात्री साडेदहाला शेठचा व्हॉट्सअप: "आज रिजेक्शन किती?" घटना एवढीच, तीन शब्द. माझ्या मनात आलं: "उद्या सगळ्यांसमोर काढणार. मला हे काम जमतच नाही. माझ्या जागी दुसरा कधीच आणला असता." छाती आवळली. मॅडमनी शंभरात मोजायला सांगितलेलं, मी ऐंशी लिहिलं. केलं काय? रात्रपाळीला सहा फोन केले, दोनपर्यंत जागा राहिलो, सकाळी पोराला विनाकारण ओरडलो.

मग वहीत दोन रकाने. या विचाराच्या बाजूनं पुरावा काय? रिजेक्शन खरंच वाढलं होतं. विरुद्ध पुरावा काय? ते दर पावसाळ्यात वाढतं. बेळगावच्या पावसात साच्याच्या वाळूतला ओलावा हाताबाहेर जातो, मालात ब्लो होल, म्हणजे हवेची भोकं, येतात. मे महिन्यात, तोच मी, तीच माणसं, आकडा निम्मा होता. आणि वाळू कुठली घ्यायची हे शेठचा मुलगा ठरवायचा. मग नवा विचार लिहायचा, गोडगोड नाही, खरा: "आकडा वाईट आहे. कारणं तीन आहेत, त्यातलं एक माझ्या हातात आहे. उद्या नऊला कागदावर देतो." पुन्हा मोजलं, पन्नास. शून्य झालं नाही, कधीच होत नाही. पण पन्नासवर माणूस झोपू शकतो.

असं वीस-पंचवीस वेळा लिहिल्यावर मला माझाच साचा दिसला. कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, नापास झालं की मी नापास. हा साचा शेठनी बनवलेला नव्हता, तो दहावीच्या निकालापासून माझ्याकडे होता. शेठ फक्त त्यात धातू ओतत होते.

दुसरं काम शरीराचं. थकलेला माणूस आवडीच्या गोष्टी आधी सोडतो: भजनी मंडळ, क्रिकेट, रविवारचा राजहंसगड. "बरं वाटलं की जाईन" म्हणतो, आणि बरं वाटतच नाही. थेरपीत उलटं करतात. वाटो न वाटो, आठवड्यात दोन छोट्या गोष्टी वेळ ठरवून करायच्या. माझी पहिली होती मंगळवारी सुटल्यावर वीस मिनिटं किल्ला तलावाला फेरी, मोबाईल डिकीत. पहिले तीन मंगळवार रटाळ गेले. चौथ्या मंगळवारी एका बगळ्याकडे बघत मी किती वेळ उभा होतो ते कळलंच नाही.

श्वासाचे व्यायाम, स्नायू आवळून सैल सोडण्याची जेकबसनची पद्धत, झोपेची शिस्त हेही शिकवतात. उपयोगी आहे. यूट्यूबवरही मिळतं, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

कामातला दोष शोधायचा

हे न करणारी थेरपी मला अर्धवट वाटते. मॅस्लॅक आणि मायकल लायटर यांनी माणूस आणि काम यांच्यात सहा जागी बिनसतं असं मांडलंय: कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मोबदला आणि कदर, सोबतची माणसं, न्याय, आणि मूल्यं. कागदावर सहा ओळी लिहून प्रत्येक जागी किती ठीक चाललंय त्याचे दहापैकी गुण द्या. मला वाटायचं माझा प्रश्न बोजाचा. गुण दिल्यावर बोजाला सहा आणि ताब्याला एक पडला. जबाबदारी माझी, वाळू दुसऱ्याची.

प्रत्येकाचं वेगळं निघतं. मायक्रोफायनान्सच्या वसुलीला फिरणारा एक मुलगा, पगार ठीक, साहेब ठीक. पण स्वतःच्या आत्याच्या वयाच्या बायकांच्या दारात जाऊन उभं राहायचं, त्या चुलीपुढून उठून हात जोडायच्या. त्याचं मूल्यांचं होतं, त्याला कितीही रजा दिली असती तरी बरं वाटलं नसतं. नर्सताईंचं न्यायाचं, डबल ड्युटी ठरावीक तिघींच्याच वाट्याला. अनगोळच्या घरातून अमेरिकेच्या वेळेनं काम करणारा आयटीवाला, रात्री दोनला मीटिंग आणि सकाळी आठला आई दारात: "उठ की रे, सिलिंडरवाला आलाय. घरीच तर आहेस." त्याला साहेबांआधी आईशी बोलावं लागलं.

मालकाशी बोलणं

पुण्या-बेंगळुरूच्या कंपनीत एचआरला ईमेल करता येतो. आपल्याकडे शेठ लग्नाला आलेले असतात, त्यांनी आपल्या बापाला कामावर ठेवलेलं असतं, मुलाच्या अ‍ॅडमिशनला शब्द टाकलेला असतो. "नाही" म्हणणं म्हणजे खाल्ल्या मिठाला न जागणं वाटतं. म्हणून हे बोलणं आम्ही सत्रात चार वेळा करून बघितलं. मॅडम शेठ झाल्या. पहिल्या वेळी मी माफी मागूनच सुरुवात केली. दुसऱ्या वेळी आवाज चढला. चौथ्या वेळी जमलं: "शेठ, काम मी सोडत नाही. दोन गोष्टी मागतो. रात्री नऊनंतर भट्टीची अडचण सोडून मेसेज नको, सकाळी नऊला आकडा टेबलावर असेल. आणि वाळूची गाडी उतरण्याआधी ओलावा मी तपासणार." दोनच मागण्या. दहा मागितल्या तर तक्रार वाटते. वेळही बघा, पगाराच्या आठवड्यात किंवा ऑडिटच्या आदल्या दिवशी नको.

पहिली गोष्ट महिनाभर पाळली गेली, मग ढिली पडली, मी पुन्हा आठवण केली, पुन्हा पाळली गेली. दुसरी मिळाली नाही. पण ती मिळणार नाही हे मला स्पष्ट कळलं, आणि दीड वर्षानं मी दुसरीकडे गेलो. तोपर्यंत थांबलो ते बरं झालं. झोप नसलेल्या आठवड्यात राजीनामा लिहू नका, जमीन विकू नका, दुकान टाकू नका. जादा तासांचे पैसे बुडवणं, साप्ताहिक सुट्टी न देणं, हे मात्र थेरपीचे विषय नव्हेत. आठवड्याला ४८ तास आणि त्यावर दुप्पट दर हा कारखान्यांसाठीचा कायदा आहे. तिथं युनियन किंवा कामगार खातं.

घरच्यांना काय सांगायचं

सगळं सांगायची गरज नाही. मी बायकोला एवढंच म्हटलं, "डॉक्टरनी सांगितलंय, दर गुरुवारी एक तास जायचंय, तीन महिने." ती म्हणाली, "अहो, मला वाटत होतं तुम्हाला आमचाच कंटाळा आलाय." त्या वाक्यानं मला जेवढं हलवलं तेवढं कुठल्या सत्रानं नाही. पुढे एकदा ती सोबत आली, थेरपिस्ट तशी सोय करतात.

आईचं म्हणणं नजर लागली. ती सौंदत्तीला यल्लम्माला जाऊन आली, मला जोतिबाला घेऊन गेली. मी गेलो. डोंगरावर वारं छान होतं. गुरुवारची वेळ चुकवली नाही, एवढं बघितलं. देव आणि थेरपी यांचं भांडण लावायची गरज मला कधी पडली नाही. मित्रांचं "पुरुषासारखा पुरुष आणि हे काय" मात्र जास्त लागतं. ज्यांना सांगायचं त्यांना सांगा, बाकीच्यांना पाठदुखीचा फिजिओ सांगा.

थांबताना

बरं वाटायला लागलं की लोक न सांगता जाणं बंद करतात. तसं करू नका. शेवटची दोन-तीन सत्रं महिन्या-दोन महिन्यांच्या अंतरानं ठेवतात, आणि त्यात एक कागद बनवतात: पुन्हा सुरू झालं तर मला आधी काय दिसेल? माझा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. जेवताना चव न कळणं. पोराच्या प्रश्नाला "हं" म्हणणं. रविवारी दुपारी चारनंतर पोटात खड्डा. आणि रेल्वे गेट बंद दिसलं की बरं वाटणं. हा शेवटचा मला खोडावा लागला, कारण तिथं आता पूल झाला, थांबायला काही राहिलंच नाही. त्याजागी लिहिलंय: पार्किंगमध्ये गाडी लावून हेल्मेट न काढता बसून राहणं. गेल्या फेब्रुवारीत दोन दिवस तसा बसलो. कागदाच्या तळाशी मॅडमचा नंबर आहे, तिसऱ्या दिवशी लावला.